भैरवी रात्री दहाला

संध्याकाळची शटल पाटसला धरायची, केडगाव, यवत, उरुळी, लोणी करत पुणे गाठायचं, रात्रभर गाणं ऐकायचं आणि सकाळच्या गाडीने परतायचं. डिसेंबरात इकडे गळीत हंगाम जोरात. उसाच्या गाड्यांमधून वाट काढत घरी येईपर्यंत कानात तोडीच असायची. ‘सवाई’ला, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाला, जाणाऱ्या बाहेरगावच्या माणसाचं गणित हे असं होतं. त्याला ना लॉज लागायचा, ना पाहुण्याचं घर.

रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, संगीत नाटकांतल्या स्त्रीभूमिकांनी गाजलेले. 12 सप्टेंबर 1952 रोजी ते पुण्यात गेले. पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी पुढाकार घेऊन गुरूच्या स्मरणार्थ गाणं ठेवलं. आर्य संगीत प्रसारक मंडळाने ते चालवलं आणि वाढवलं. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे गुरुबंधू-भगिनी तिथे वर्षानुवर्षं गायले. म्हणजे मुळात ही पुण्यतिथी, ‘महोत्सव’ हा शब्द नंतरचा. 2011 साली भीमसेनजी गेल्यावर त्यांचंही नाव त्यात आलं.

योगायोग असा की स्पेनमध्ये ग्रॅनाडाचा आंतरराष्ट्रीय संगीत-नृत्य महोत्सव 1952 सालीच सुरू झाला. त्याची मुळं मात्र 1883 मध्ये अल्हाम्ब्रातल्या पाचव्या कार्लोसच्या राजवाड्यात झालेल्या मैफलींत आहेत. तिथे राजवाडा, इथे शाळेचं पटांगण: आधी रेणुका स्वरूप, मग बरीच वर्षं रमणबाग, 2018 पासून मुकुंदनगर. पटांगणाची मला लाज वाटत नाही. भारतीय बैठक घालून, शाल पांघरून, शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डुलकी काढायची सोय कुठल्या राजवाड्यात असते?

खरा फरक घड्याळाचा आहे. ग्रॅनाडात उन्हाळ्यातल्या कित्येक मैफली रात्री दहा-साडेदहाला सुरू होतात. आपल्याकडे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आले, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आवळले आणि खुल्या मैदानातला ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद झाला. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देण्याची मुभा सरकारला आहे, इतकंच. नियम वाईट नाही. लग्नातल्या डीजेने ज्याची झोप उडवली तो त्याला दुवाच देईल. पण डीजे आणि दरबारी एकाच तराजूत तोलले गेले. दरबारी, मालकंस, अडाणा हे राग रंगायची वेळ दहानंतरची, आणि ललत तर पहाटेचाच. आता दुपारी मंडप भरतो. मुलतानी, मारवा, पूरिया यांना बरे दिवस आले, हेही मान्य केलं पाहिजे.

बाहेरगावच्या रसिकाचं गणित मात्र पार विस्कटलं. रात्रभराचं गाणं त्याची धर्मशाळाही होतं. आता दहाला तो रस्त्यावर, आणि सकाळची गाडी अजून कितीतरी लांब. म्हणून बरेचजण शेवटचा कलाकार सोडूनच उठतात. आणि शेवटचा कलाकार बहुधा सर्वांत मोठा असतो.

समारोपाला सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. रात्रभर चाललेली मैफल उजाडता संपायची, म्हणून शेवट भैरवीने. दहाच्या ठोक्याआधी ती वाजते तेव्हा पाटसचा माणूस चपला शोधत असतो: स्वारगेटवरून सोलापूरकडची एसटी मिळाली तर मिळाली.