उलटण्याची खोटी कसोटी

मुंबईहून आलेला रस्ता पळस्पे फाट्यावर दुभंगतो. एक वाट बोरघाट चढून पुण्याला जाते आणि दुसरी कर्नाळ्याच्या अंगाने कोकणात उतरून गोव्याकडे वळते. या फाट्यावरच्या एका बॅटरीवाल्याकडे काही कामानिमित्त बसलो असता, दुकानदाराचा शाळकरी मुलगा बाकावर मोठ्याने घोकत होता : ‘जो बदल उलटवता येतो तो भौतिक, उलटवता येत नाही तो रासायनिक.’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या आणि, खेदाने नमूद करावे लागते, शिक्षकांच्याही तोंडून ऐकत आलो आहे. आणि त्याच्या विरुद्धचा सज्जड पुरावा त्या मुलाच्या पुढ्यातच चार्जिंगला लावलेला होता.

मालमोटारीच्या बॅटरीत एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, आणि दोन्ही पातळ गंधकाम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी वापरली जाते तसतसे दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते, आम्ल खर्ची पडते, पाणी तयार होते. दुकानदाराने रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत आम्ल वर ओढले, तेव्हा उतरलेल्या बॅटरीत आतला तरंगता दांडा पार खाली बुडाला आणि १.१२ च्या आसपासची घनता दिसली. रात्रभर वीज दिलेल्या शेजारच्या बॅटरीत तोच दांडा वर उचलला जाऊन १.२८ च्या खुणेशी स्थिरावला. म्हणजे सल्फेटाचे पुन्हा शिसे, शिशाचे डायऑक्साइड आणि आम्ल झाले होते. पदार्थ बदलले म्हणून हा बदल रासायनिक. तरीही तो उलटला. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये अशी बॅटरी सिद्ध केली, तेव्हापासून हा दाखला उपलब्ध आहे! एवढेच नव्हे, तर उतरलेली बॅटरी काही महिने तशीच पडून राहिली, तर सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग चार्जरही हात टेकतो. उलटण्याची कसोटी मानणाऱ्यांनी याचा खुलासा करावा : जी क्रिया कालपर्यंत भौतिक होती, ती बॅटरी पडून राहिल्यामुळे आज रासायनिक झाली काय?

कोकणातल्या चुन्याची कथाही हीच. शिंपले भट्टीत भाजले की कर्बवायू निघून जातो व चुनकळी उरते. ती पाण्यात विरवून गिलाव्याला लावली की भिंतीवरचा चुना हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि शेवटी शिंपल्यात होते तेच कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा तयार होते. यातील प्रत्येक पायरी रासायनिक आहे.

उलट बाजूने पाहावे, तर पनवेल तालुक्यातील खाणींत काळा कातळ फोडून खडी होते, तिच्या कणाकणात कातळाचीच खनिजे असतात, म्हणून तो बदल निखालस भौतिक. पण ती खडी सांधून पुन्हा अखंड कातळ कोण करणार? गिरणीतून निघालेल्या पिठाचे तांदूळ तरी कोणी केले आहेत?

ज्यांना माझ्या शब्दावर भरवसा नसेल, त्यांनी शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाचा परिभाषाकोश पाहावा : रासायनिक घटकांचे एकमेकांत रूपांतर घडवणारी प्रक्रिया ती रासायनिक अभिक्रिया, असे तिथे म्हटले आहे, ती उलटू नये, अशी अट त्यात नाही.

उरलेल्या गैरसमजांचा निकाल थोडक्यात लागतो. उकळत्या पाण्यातले बुडबुडे हायड्रोजन-ऑक्सिजनचे नसून पाण्याच्याच वाफेचे असतात. पाण्यात नीळ कालवली की रंग बदलतो, पण नवा पदार्थ होत नाही. कापूर डबीतून उडून जातो तो भौतिक बदल, आरतीत जळतो तो रासायनिक. मिठागरात ऊन पाणी उडवून नेते, मीठ ‘तयार’ करत नाही. ते समुद्रात आधीच असते. मात्र मीठ पाण्यात विरघळताना त्याचे आयन सुटे होतात, म्हणून त्या बदलाला कोणते नाव द्यावे याविषयी जाणकारांतही मतभेद आहेत, आणि ही हद्द इथे धूसर आहे हे विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगावे.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी वहीतले ते वाक्य खोडून ‘पदार्थ तोच राहिला का?’ हा एकच प्रश्न तिथे लिहून द्यावा, आणि एकदा वर्गाला जवळच्या बॅटरीवाल्याकडे नेऊन, आम्लापासून मुलांचे हात दूर राखून, उतरलेली व भरलेली अशा दोन्ही बॅटऱ्यांची घनता त्यांच्या डोळ्यांदेखत मोजून दाखवावी.