आधी ओल मोजा, मग कव्हर विकत घ्या

ऑक्टोबर उजाडला की माझ्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो. “कॅराव्हॅन आता मार्चपर्यंत उभीच राहणार. कव्हर घालू का?” मी मूळचा रत्नागिरीचा. गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, ईस्ट यॉर्कशरमधल्या हल शहराच्या आसपास घरोघरी जाऊन कॅराव्हॅनची वार्षिक सर्व्हिसिंग करतो. मोटारीच्या मागे जोडून ओढायची, स्वतःचं इंजिन नसलेली ही चाकांवरची खोली. हल आणि शेजारचं कॉटिंगहॅम हा ती बनवणाऱ्या कारखान्यांचाच पट्टा. त्यामुळे इकडे बऱ्याच अंगणांत एखादी कॅराव्हॅन उभी दिसते.

कव्हरबद्दल मत देण्याआधी मी गिऱ्हाइकाला कॅराव्हॅनचं अंग कसं बनलेलं असतं ते सांगतो. १८८५ मध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरनं हौसेनं फिरण्यासाठी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी ब्रिस्टलमध्ये बांधून घेतली. ती होती महोगनी लाकडाची आणि वजनाला जवळजवळ दोन टन. आजच्या कॅराव्हॅनची भिंत मात्र जेमतेम इंचभर जाडीची. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पत्रा, आत पातळ प्लाय आणि मध्ये थर्माकोलसारखा थर. जुन्या गाड्यांत आतला सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असतो. छप्पर आणि भिंत जिथे भेटतात तिथे, खिडक्यांच्या कडांना आणि तंबू अडकवायच्या पट्टीखाली सीलंट भरलेला असतो. हा सीलंट वयानं कडक होतो, त्याला भेगा पडतात आणि पाणी आत शिरतं. वर्षानुवर्षं ते दिसत नाही. दिसतं तेव्हा आतलं लाकूड बोटानं दाबलं तरी खचतं.

म्हणून माझ्या पिशवीत ओल मोजायचं यंत्र कायम असतं. ते भिंतीला टेकवलं की आकडा येतो. १५ टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. १५ ते २० असेल तर त्या जागेवर लक्ष ठेवायचं, पुन्हा मोजायचं. २० च्या वर गेला की पाणी कुठून येतंय ते शोधायचं. ही तपासणी कव्हर घालण्याआधी का? कारण गळक्या सांध्याला कव्हर बरं करत नाही, फक्त नजरेआड करतं. भिंतीत मुरलेलं पाणी सुकायला वारा लागतो आणि आपण नेमका तोच अडवलेला असतो.

मग कव्हर कशासाठी? मुख्यतः मळासाठी. इथल्या हिवाळ्यात ऊन कमी, दमटपणा भरपूर. उत्तरेकडच्या बाजूवर हिरवं शेवाळ धरतं आणि तंबूच्या पट्टीवरून काळे ओघळ उतरतात. गाडी झाडाखाली असेल तर पानं, पक्ष्यांची विष्ठा आणि उन्हाळा सरेपर्यंत टपकणारा चिकटा. शिवाय अतिनील किरणांनी सीलंट, रबर आणि बाजूचे स्टिकर म्हातारे होतात. चांगल्या कव्हरमुळे हे सगळं कमी होतं आणि वसंतात धुण्याचे कष्ट वाचतात.

पण कव्हर श्वास घेणारं हवं. साधी ताडपत्री गुंडाळली की आतली वाफ आतच राहते. मुंबईच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून लोकल गाठली की शर्ट घामानं भिजतो, तसंच. बाजारात अनेक थरांच्या न विणलेल्या कापडाची कव्हरं मिळतात. त्यांतून वाफ बाहेर जाते आणि आतला थर मऊ असतो. आपल्या मॉडेलच्या मापाचं शिवलेलं घ्यावं. ढगळ कव्हर स्वस्त पडतं, पण खरी गोची त्यातच आहे.

कारण कव्हरचा शत्रू वारा. कॅराव्हॅनच्या खिडक्या काचेच्या नसतात, त्या ॲक्रिलिकच्या असतात आणि त्यांवर सहज ओरखडे उठतात. कापड सैल असेल आणि खाली धूळ राहिली असेल, तर रात्रभर फडफडणारं कव्हर त्यांवर पॉलिश पेपर मारल्यासारखं घासत राहतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘आर्वेन’ वादळानं ईशान्य इंग्लंड झोडपलं. समुद्राकडून असं वारं येतं तिथे, उघड्या माळावरच्या गाडीला मी कव्हर सुचवत नाही. तिथे चांगलं वॅक्स करा आणि हिवाळ्यात अधूनमधून सौम्य साबणानं धुवा.

घालायचंच ठरलं तर काही गोष्टी आधी. गाडी धुवून पूर्ण वाळू द्या. नळ उघडून पाण्याचा सगळा मार्ग आणि हीटर रिकामा करा, कारण आत राहिलेलं पाणी गोठलं की पाइप फुटतात. गाद्या भिंतीपासून दूर उभ्या ठेवा, कपाटांची दारं उघडी ठेवा. गाडीच्या तळातली आणि छपरातली हवेची भोकं बुजवू नका. छपरावर सोलर पॅनेल असेल तर तो कव्हरखाली आंधळा होतो. मग बॅटरी हळूहळू उतरते आणि तिच्यावर चालणारा अलार्म, ट्रॅकरही बंद पडू शकतो. बॅटरी चार्ज करण्याची वेगळी सोय लावा. आणि एकट्यानं शिडीवर चढू नका. गाडीची उंची अडीच मीटरच्या वर असते, छप्पर ओलं असतं आणि कापड शिडासारखं वारा धरतं. दोघं जण हवेत, सोबत लांब दांडा.

गाडी घराबाहेर, पैसे देऊन ठेवायच्या आवारात असेल तर तिथल्या नियमांची चौकशी करा. काही ठिकाणी कव्हर चालत नाही. १९९२ पासून इथल्या गाड्यांच्या खिडक्यांवर सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. चोरीच्या गाडीची ओळख पटवायला तो उपयोगी पडतो, पण कव्हरखाली तो रखवालदाराला दिसत नाही. कुलूप तोडलेलंही दिसत नाही.

महाराष्ट्रातही आता कॅराव्हॅन पर्यटनाची भाषा सुरू झाली आहे. कोकणातल्या पावसात गाडी उभी ठेवणार असाल तर हिशेब आणखी कडक होईल. तिथे थंडीचा प्रश्न नाही, पण उबदार दमट हवेत कव्हरखाली बुरशी भराभर धरते. शक्य असेल तर वर पत्र्याची शेड घाला आणि बाजू मोकळ्या ठेवा. छपरानं पाणीही अडतं आणि वाराही खेळतो.

तर माझा सल्ला असा. गाडी कोरडी, आडोशाला आणि झाडांजवळ उभी असेल तर मापाचं कव्हर घ्या. ती वाऱ्याच्या तोंडावर असेल किंवा भिंतीत ओल असेल तर पैसे जपून ठेवा आणि ते सांधे दुरुस्त करण्यावर खर्च करा. दोन्ही बाबतींत एक काम मात्र टाळू नका: महिन्यातून एकदा, कव्हर असेल तर त्याची कड उचलून, गाडीच्या आत जा आणि कोपऱ्यांवर हात फिरवा.