लोखंडाचा तरंगता पूल

कोलकात्याचा आजचा हावडा पूल १९४३ साली खुला झाला. त्याआधी तिथे १८७४ पासून हुगळीवर चक्क तरंगता पूल होता. ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी तो पोकळ लोखंडी तराफ्यांवर उभारला होता.

लोखंड पाण्यापेक्षा जवळजवळ आठपट घन, मग ते तरंगले कसे? वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वर उचलतो. भरीव गोळा फार थोडे पाणी सारतो, म्हणून बुडतो. तेच लोखंड डब्यासारखे पोकळ केले की आतली हवाही जागा अडवते आणि सारलेले पाणी लोखंडाच्या वजनाला पुरे पडते. पुलावर एक टन जास्त भार आला, तर तराफे आणखी एक टन पाणी सरेल इतकेच खाली दबत.

मार्च १८७४ च्या वादळात ‘इजेरिया’ ही आगबोट अर्धवट बांधलेल्या पुलावर आदळली आणि तीन तराफे बुडाले. लोखंड तेच होते. हवेच्या जागी पाणी शिरले, एवढेच.

पाण्याची जातही महत्त्वाची. समुद्राचे खारे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे बंगालच्या उपसागरातून हुगळीत शिरणारे जहाज माल तोच असूनही थोडे अधिक खोल बसते. गाळाने उथळ झालेल्या नदीत कप्तानाला तेवढाही फरक धरावा लागतो.