पाणगवताची चव असलेलं बदक

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात हॅव्हर डी ग्रेस नावाचं छोटं गाव आहे. सस्क्वेहाना नदी इथंच चेसापीक उपसागराला मिळते. मुखाशी उथळ पाणी दूरवर पसरलेलं असतं आणि तळाशी रिबिनीसारख्या लांब पात्यांचं पाणगवत वाढतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बड्या मेजवान्यांचा मानाचा पदार्थ या गवतावर पोसला जात होता. उत्तरेकडून येणारे कॅनव्हासबॅक बदकांचे थवे हिवाळ्यात इथं उतरत, बुड्या मारून गवताचे कंद उपटून खात आणि काही आठवड्यांत चरबीनं भरून येत. ही बदकं बाल्टिमोर, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कला रवाना होत. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध डेल्मोनिकोजच्या टेबलावर कॅनव्हासबॅक हा चैनीचा कळस मानला जाई.

महाराष्ट्रातल्या पक्षीनिरीक्षकांना हे बदक अगदीच परकं वाटणार नाही. आपल्या तलावांवर हिवाळ्यात येणारी छोटी लालसरी ही त्याची जवळची भाऊबंद. तांबूस डोकं, काळी छाती आणि फिकट करडी पाठ, दोघांचा तोंडवळा सारखाच.

कॅनव्हासबॅक शिजवायची रीत साधी होती, पण वेळ मात्र काटेकोर पाळावी लागे. पिसं उपटून साफ केलेलं बदक, पोटात काहीही न भरता, कडकडीत तापलेल्या भट्टीत जेमतेम वीसेक मिनिटं ठेवायचं. बाहेर काढलं की लगेच गरम ताटलीत वाढायचं. छातीला सुरी लावली की लाल रस ओघळला पाहिजे. सोबत सेलरीचे दांडे, मक्याच्या कण्यांच्या तळलेल्या वड्या आणि लाल करंटची जेली. मसाला जवळपास नाहीच, कारण खवय्याला पाणगवतावर पोसलेल्या मांसाचीच चव हवी असे.

या रीतीमागे शरीरशास्त्र आहे. खुराड्यातल्या कोंबडीला उडावं लागत नाही, म्हणून तिच्या छातीचं मांस पांढरं असतं. हजारो किलोमीटर उडणाऱ्या बदकाच्या छातीच्या स्नायूंना सतत प्राणवायू लागतो. तो साठवणारं मायोग्लोबिन त्यांत भरपूर असल्यानं मांस गडद लाल दिसतं. त्यात आतून चरबी कमी. जास्त शिजवलं की ते चिवट होतं आणि त्याला काळजासारखा उग्र वास येतो. चरबी असते ती कातडीखाली, आणि पक्ष्यानं जे खाल्लं त्याचा स्वाद तिच्यात उतरतो. आज मात्र कोणताही पक्षी आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावा, असा अमेरिकी सरकारचा सल्ला आहे.

हीच चव बदकाच्या जिवावर उठली. बाजारासाठी शिकार करणारे लोक रात्री दिवा घेऊन होडीतून निघत. होडीवर दहा-दहा फूट लांबीची बंदूक बसवलेली असे. पाण्यावर झोपलेल्या थव्यावर एकच बार काढला की डझनांनी बदकं पडत. रेल्वेमुळे माल ताजा असतानाच शहरात पोहोचे. एकेकाळी अब्जावधी असलेल्या प्रवासी पारव्यांचीही याच बाजारानं वासलात लावली. त्यांतली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

कॅनव्हासबॅक वाचलं ते कायद्यामुळे. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानं स्थलांतरित रानपक्ष्यांच्या मांसाची विक्री बंद केली. आज अमेरिकेतल्या हॉटेलात मिळणारं बदक पाळीवच असतं. शिकाऱ्याला ठरावीक हंगामात, ठरावीक संख्येत बदकं मारता येतात. ती त्यानं घरी खावीत किंवा कुणाला द्यावीत, विकायची मात्र नाहीत. १६ किंवा त्याहून जास्त वर्षांच्या शिकाऱ्याला दरवर्षी २५ डॉलरचं ‘डक स्टॅम्प’ घ्यावं लागतं. १९३४ पासून चालत आलेल्या या तिकिटाचा जवळपास सगळा पैसा पाणथळ जागा राखण्यावर खर्च होतो. पाण्यात पडलेले छर्रे गिळून पक्ष्यांना विषबाधा होत असल्यानं १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रेही देशभर बंद झाले.

बंदुकीला आवर बसला, पण पाणी बिघडत गेलं. शेतातली खतं आणि शहरांचं सांडपाणी उपसागरात येत राहिलं. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या पुरानं एवढा गाळ आणला की नदीमुखाचं पाणगवत जवळजवळ नाहीसं झालं. उपसागरात येणारी कॅनव्हासबॅक कमी झाली आणि जी आली ती शिंपल्यांवर गुजराण करू लागली. ज्या चवीसाठी एवढी बदकं मारली गेली, तीच उरली नाही. अलीकडे पाणी सुधारावं म्हणून प्रयत्न झाले, तेव्हा कुठे गवताची कुरणं पुन्हा दिसू लागली.

भारतानं वेगळी वाट धरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना घेऊन काही शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती सोयही गेली. तितर, लावे, ससा, रानडुक्कर किंवा रानबदक मारणं, त्यांचं मांस विकणं वा विकत घेणं, हे सगळं आज गुन्हा आहे. पिकांच्या नासाडीमुळे अधिकृत परवानगीनं मारलेलं रानडुक्करदेखील सरकारच्या मालकीचं असतं, कुणाच्या हंडीतलं नव्हे.

तरीही एवढ्यावर आपलं काम संपत नाही. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथं आणि उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात बदकं उतरतात. पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी भीमेच्या पात्रातून याच उजनीत जातं. तळातली वनस्पती गेली तर काय होतं, ते चेसापीकनं दाखवून दिलं आहे. म्हणून एखाद्या ढाब्यावर कुणी हळूच ‘जंगली माल’ आहे असं सुचवलं तर तो घेऊ नका आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गावातल्या तळ्यात सांडपाण्याचा पाइप सुटलेला दिसला, तर त्याचीही तक्रार तितक्याच तातडीनं करा.