वारीहून परतणाऱ्या पायांसाठी

आज आषाढ शुद्ध एकादशी. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून आणि अष्टमीस आळंदीहून निघालेल्या पालख्या काल दशमीस पंढरीत पोहोचल्या. आज चंद्रभागेचे वाळवंट टाळमृदंगाच्या घोषाने भरून गेले असेल. पौर्णिमेस गोपाळपुरी काला होईल आणि वारकरी आपापल्या गावाची वाट धरतील. काही थोडे पालखीबरोबर पायीच परततील, बहुतेक एस.टी.ने वा आगगाडीने घरी येतील. बुक्का, चुरमुरे, बत्तासे यांचा प्रसाद घरोघर पोहोचेल, आणि वारी करून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या पायांवर घरातील लहानथोर मस्तक ठेवतील. आपली ही रीत फार जुनी आणि फार सुंदर आहे. त्या पायांवर मस्तक ठेवताना त्यांच्याकडे क्षणभर नीट पाहावेही, एवढेच सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

वारकरी संप्रदायाइतके पायांचे महत्त्व क्वचितच कोठे मानले गेले असेल. पांडुरंग विटेवर उभा आहे तो समचरण. त्याच्या चरणांना प्रत्यक्ष मस्तक लावता येते, हे पंढरीचे वैशिष्ट्य. पालखीत असतात त्या संतांच्या पादुका. वाटेने चालणारे वारकरी वय, जात, मानपान न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. असे असूनही, ज्या पायांनी ही सारी वाट तुडविली त्या स्वतःच्या पायांची मात्र आपण उपेक्षा करतो. ‘वारीत पाय दुखायचेच, देव काळजी घेईल’ असे म्हणून भेगा, फोड, जखमा अंगावर काढल्या जातात. श्रद्धा थोर आहे. परंतु उपेक्षा ही श्रद्धा नव्हे.

वाट पायांना काय करते?

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटरांचे. पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाण्याचा एकच टप्पा सुमारे ३० किलोमीटरांचा आहे. प्रत्येक पावलात २६ लहानमोठी हाडे असतात आणि चालताना शरीराचा सारा भार त्यांच्यावर आळीपाळीने पडतो. वर ऊन, खाली डांबर. मधूनच पावसाची सर, चिखल आणि ओल्या चपला. अशा स्थितीत पायांस काही तक्रार न होणे हेच नवल.

सर्वांत नेहमीची तक्रार फोडांची. ओल्या कातडीवर चपलेचा अंगठा वा पट्टा घासला की कातडीच्या थरांमध्ये पाणी साचते. फोड सुईने फोडून त्यात दोरा ओवून ठेवण्याचा उपाय काही जण करतात; तो टाळावा, कारण तोच दोरा जंतूंना आत जाण्याची वाट होतो. लहान फोड न फोडता स्वच्छ कापडाने झाकावा. आपोआप फुटल्यास साबणपाण्याने धुवावा, वरची कातडी ओढून काढू नये आणि रोज पट्टी बदलावी.

दुसरी तक्रार चिखल्यांची. बोटांच्या बेचक्यांत, विशेषतः करंगळीशेजारी, कातडी पांढरी पडते, फुगते, चिरते आणि खाजते. पुष्कळदा हा बुरशीचा उपद्रव असतो. पाय धुतल्यावर बेचके कोरडे पुसणे हा त्यावरील पहिला उपाय. घरात मेंदी लावण्याची रीत आहे; पण आठवड्यात उतार न पडल्यास वैद्यकीय सल्ल्याने बुरशीनाशक मलम वापरावे. चिखल्यांकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये. याच चिरांतून जंतू शिरून पाऊल वा पोटरी सुजते, लाल होते आणि थंडी वाजून ताप भरतो. त्या वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

टाचांच्या भेगांना कोकमचे तेल हा आपल्याकडील जुना आणि चांगला उपाय. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल चोळावे. भेगांतून रक्त येऊ लागले वा पू दिसला, तर मात्र घरगुती उपाय थांबवावेत. कुरूप ब्लेडने कोरू नये आणि रस्त्यावर बसणाऱ्या कुरूपकाढ्याच्या हाती तर पाय मुळीच देऊ नये. नखे सरळ कापावीत. कडा खोल गोलाकार कापल्यास अंगठ्याचे नख मांसात रुतते.

वारीनंतर सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. तळपायाच्या जाड पडद्यावर ताण येऊन हे दुखणे होते. मऊ तळाची चप्पल, पोटरीला हळूहळू ताण देण्याचा व्यायाम आणि विश्रांती यांनी बहुतेकांस काही आठवड्यांत वा महिन्यांत आराम पडतो. दोन्ही पावलांवरील सूज रात्री पाय उंच ठेवल्याने उतरत असेल, तर ती बहुधा श्रमाची. एकच पाय सुजला आणि पोटरी दुखू लागली, तर रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा संभव असतो. त्यातच धाप लागली तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

न दुखणारा पाय

येथवर सांगितले ते दुखणाऱ्या पायांविषयी. परंतु खरे भय आहे ते न दुखणाऱ्या पायांचे.

डॉ. पॉल ब्रँड हे १९१४ साली दक्षिण भारतातील कोल्ली डोंगरांत जन्मलेले शस्त्रवैद्य १९४६ मध्ये वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात, अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले की रोग मज्जातंतू बधिर करतो. नंतरची हानी बहुतांशी वेदना न जाणवल्यामुळे होते. काटा रुतला तरी मनुष्य चालतच राहतो, निखाऱ्याने पोळला तरी हात मागे घेत नाही. वेदना हा शाप नसून रक्षण करणारे वरदान आहे, हे त्यांच्या जन्मभराच्या कार्याचे सार होय. कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांसाठी मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या चपला प्रचारात आल्या; त्याच आज मधुमेह्यांनाही दिल्या जातात.

कारण मधुमेहही पायांची संवेदना अशीच हिरावून घेतो. तो इतक्या सावकाश हे करतो की रोग्यास पत्ताही लागत नाही. आधी तळव्यांना मुंग्या येतात, जळजळ होते. मग हळूहळू तेही थांबते आणि ‘आता बरे आहे’ असे वाटू लागते. प्रत्यक्षात जाणीवच गेलेली असते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, खडा बोचत नाही, तापलेल्या फरशीचा चटका बसत नाही. अशा पायाने २५० किलोमीटर चालणाऱ्याला ‘माझे पाय मुळीच दुखले नाहीत, माउलीची कृपा’ असे वाटणे स्वाभाविक आहे. घरच्यांनी मात्र मधुमेही वडिलांच्या तोंडून हे शब्द ऐकताच त्यांचे तळवे उजेडात पाहावेत. त्यात तंबाखू वा विडीची सवय असल्यास धोका वाढतो; रक्तवाहिन्या अरुंद होतात, रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरत नाही. लहानशा फोडापासून बोट वा पाऊल गमावण्यापर्यंतचा प्रवास अशा पायांत फार लांबचा नसतो.

ही बधिरता तपासणे अत्यंत सोपे आहे. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यास निरनिराळ्या ठिकाणी टेकवून, डोळे मिटलेल्या रोग्यास स्पर्श जाणवतो की नाही हे डॉक्टर पाहतात. काही मिनिटांचे काम, वेदना नाही. प्रत्येक मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी ही परीक्षा करून घ्यावी.

चातुर्मासाचा नेम

आजपासून चातुर्मास सुरू होतो. कोणी कांदालसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो, तर कोणी चार महिने पादत्राणे न घालण्याचा नेम धरतो. निरोगी मनुष्याने हा नेम करावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. परंतु ज्यास मधुमेह आहे, ज्याचे तळवे बधिर आहेत, ज्याच्या पायावर पूर्वी जखम होऊन गेली आहे, त्याने हा नेम करू नये. अशांनी घरातसुद्धा अनवाणी चालू नये. व्रतनियमांत आजारी आणि वृद्ध यांना आपल्या परंपरेने नेहमीच सवलत दिली आहे. अनवाणी चालण्याऐवजी नित्य हरिपाठ, अन्नदान, मौन असा दुसरा नेम घेता येईल. वडीलधाऱ्यांना हे सांगणे मुलासुनांना अवघड जाते, हे खरे. तेथे घरच्या कीर्तनकारांचे वा गुरुजींचे दोन शब्द उपयोगी पडतात. ते आवर्जून मागावेत.

देवाच्या मूर्तीचीही काळजी घ्यावीच लागते. भाविकांच्या स्पर्शाने पांडुरंगाच्या चरणांची झीज होत आली, म्हणून मूर्तीवर वेळोवेळी वज्रलेप करण्यात आला. २०२० सालीही तो झाला. ज्या चरणांवर विश्वाचा भार, त्यांचीही जर भक्त अशी निगा राखतात, तर वाट चालून झिजलेल्या आपल्या पावलांची निगा राखण्यात भक्तीला उणेपणा तो कसला?

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मधुमेह्याने पायावरील कोणतीही जखम, फोड वा काळा डाग दिसल्यास दुसऱ्या दिवसाच्या आत दाखवावा. तो दुखत नाही हे थांबण्याचे कारण मानू नये. एक पाऊल लाल, गरम आणि सुजलेले असून दुखत नसेल, तर आतील हाडे ढासळत असण्याची शक्यता असते. त्या पायावर भार न टाकता तातडीने जावे. इतरांनी दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पू, दुर्गंधी, वर चढत जाणारी लाली, ताप, बोट काळे वा थंड पडणे, चालताना पोटरीत येणारी आणि थांबताच जाणारी कळ यांपैकी काहीही दिसल्यास विलंब करू नये. खिळा, काटा वा काच खोल गेली असल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. कुरुपावरील औषधी पट्टी आणि गरम पाण्याचा शेक मधुमेह्याने टाळावा. बधिर कातडी त्याने भाजते.

केवळ पायांवर उपचार करणारे तज्ज्ञ आपल्याकडे अद्याप थोडे आहेत. तथापि नेहमीचे डॉक्टर प्रथम पाहून त्वचारोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ वा शल्यचिकित्सक यांच्याकडे पाठवू शकतात. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत मधुमेह्यांच्या पायांसाठी स्वतंत्र विभागही आहेत. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. मार्ग उपलब्ध आहेत. उशीर आपल्याकडून होऊ नये.

या आठवड्यात वारकरी घरी येतील. त्यांना चौरंगावर बसवून कोमट पाण्याने त्यांचे पाय धुवावेत. पाणी आधी आपल्या हाताने पाहावे, त्यांच्या पायाने नव्हे. बोटांची बेचकी मऊ पंचाने कोरडी करावीत, तळवे दिव्याच्या उजेडात निरखावेत, चपला उलट्या करून झटकाव्यात. पाद्यपूजा ती हीच. पुढल्या आषाढीस त्याच पायांनी त्यांना पुन्हा पंढरीची वाट चालता यावी, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.