युनियनवर दावा : सहा महिने, पण कधीपासून?

लेखांक ७

अमेरिकेत युनियनने प्रत्येक तक्रार लवादाकडे नेलीच पाहिजे असं नाही, हे मागच्या लेखांकात आलं. १९६७च्या ‘वाका विरुद्ध साइप्स’ निकालाने तिला तेवढी मोकळीक दिली. अट एवढीच की तिचं वागणं मनमानी, पक्षपाती किंवा बदहेतूचं नसावं. तसं ते असेल, तर कामगार कोर्टात जाऊ शकतो. पण किती दिवसांत, हे अमेरिकी काँग्रेसने कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

कायदा असा गप्प बसला की तिथली कोर्टं मिळत्याजुळत्या कायद्यातली मुदत उसनी घेतात. बाल्टिमोरच्या एका ट्रकचालकाने असुरक्षित वाटणारी गाडी चालवायला नकार दिला. नोकरी गेली, आणि युनियन-मालकांच्या संयुक्त समितीने तक्रारही फेटाळली. तो कोर्टात गेला. बाल्टिमोर ज्या राज्यात आहे त्या मेरीलँडमध्ये लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायला ३० दिवस, करारभंगाच्या दाव्याला ३ वर्षं. यातलं कुठलं धरायचं?

‘डेलकॉस्टेलो विरुद्ध टीमस्टर्स’ या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. ८ जून १९८३ रोजी न्या. ब्रेनन यांनी दोन्ही मुदती बाजूला सारल्या आणि राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याच्या कलम १०(ब)मधले ६ महिने लागू केले. कायद्याची ओळख नसलेल्या कामगाराला युनियनचं चुकलं कुठे हे ताडायचं, वकील गाठायचा, दावा उभा करायचा. त्याला ३० दिवस पुरायचे नाहीत. उलट वर्षानुवर्षं दावा टांगता राहिला, तर कराराखाली मिटलेल्या तंट्यांना अर्थ उरत नाही. न्या. ओकॉनर यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते हा दावा हलगर्जी वकिलावर अशिलाने केलेल्या दाव्याच्या जवळचा होता, म्हणून तशा दाव्याची मुदत लावायला हवी होती. त्याच निकालात न्यूयॉर्कमधल्या लॅकावानाच्या पोलाद कारखान्यातले दोन वेल्डरही होते. लवादाच्या निवाड्यानंतर दहा महिने उलटल्यावर ते कोर्टात आले होते. त्यांचा दावा मुदतबाह्य ठरला.

मुदतीचा आकडा असा ठरला. खरी मारामारी आहे ती सुरुवातीच्या तारखेवर. युनियन आता पुढे जाणार नाही हे कामगाराला कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या दिवसापासून सहा महिने मोजतात. युनियनचं नकाराचं पत्र आलं तर भानगड नाही. पण पत्र येतच नाही, युनियन ऑफिसातून ‘बोलणी चालू आहेत’ एवढंच उत्तर मिळतं, आणि पुढे कोर्टात विचारलं जातं की एवढे महिने गप्प का बसलात. ‘कळायला हवं होतं’ हे शब्द मला इथे फार कठोर वाटतात. विश्वास ठेवणाऱ्यालाच त्याची किंमत मोजावी लागते.

‘वेस्ट विरुद्ध कॉनरेल’मध्ये १९८७ साली थोडा दिलासा मिळाला : सहा महिन्यांत दावा दाखल झाला की पुरे, प्रतिवादीला समन्स नंतर पोचलं तरी चालेल. मात्र याच श्रमसंबंध कायद्याखालच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे तक्रार केली म्हणून कोर्टाची मुदत थांबत नाही, असं अनेक अपील न्यायालयांनी म्हटलं आहे. दोन्ही दारं वेगवेगळी आहेत. राज्य आणि स्थानिक सरकारांच्या नोकरांना तर त्या-त्या राज्याचा कायदा लागू. न्यूयॉर्कमध्ये त्यांना ४ महिनेच मिळतात.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याने कामगार संघटनांच्याही अनुचित प्रथांची यादी केली आणि त्याविरुद्धच्या तक्रारीला ९० दिवस दिले. मुदत निम्मीच, पण सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ करायची मुभा कोर्टाला कायद्यातच ठेवली.

पुढच्या लेखांकात : युनियनच्या अंतर्गत अपिलात गेलेले महिने या सहांत धरायचे का?