संगणकावर न सापडणारी आज्ञा

पेण व रोहा तालुक्यांतील ज्या शाळांच्या संगणकांवर उबंटू अथवा डेबियन प्रणाली असेल, तेथील शिक्षकबंधुभगिनींसाठी ही माहिती आहे.

अनेक पीडीएफ परिपत्रके एकत्र जोडण्यास ‘पीडीएफयुनाइट’ ही आज्ञा उपयोगी पडते. ती दिल्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर आल्यास संगणक बिघडला असे समजू नये. प्रथम स्पेलिंग तपासावे. ते बरोबर असल्यास ते साधन संगणकावर बसविलेले नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

साधनाचे नाव व ते ज्या संचातून येते त्याचे नाव पुष्कळदा भिन्न असते. वरील साधन ‘पॉपलर-युटिल्स’ या संचात आहे. असे नाव तर्काने सापडत नाही. त्यासाठी सूचीच पाहावी लागते. ‘एपीटी-फाइल’ हा संच बसवून ‘एपीटी-फाइल अपडेट’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे सूची संगणकावर उतरते. नंतर ‘एपीटी-फाइल सर्च बिन/पीडीएफयुनाइट’ असे विचारताच संचाचे नाव मिळते. या शोधास इंटरनेट लागत नाही. संच बसविताना मात्र लागते.

संच ‘एपीटी इन्स्टॉल’ या आज्ञेनेच बसवावा. अनोळखी संकेतस्थळावरून घेऊ नये. विद्यार्थ्यांच्या नोंदी त्याच संगणकात असतात, याचे भान ठेवावे.